माशीच्या पायांवरचे पांढरे केस

गिरणीत कापडाचे धागे मोजणाऱ्या गुरुपादप्पाला माणसांची किळस होती. भिंगाखाली धरण्याच्या लायकीची त्याला फक्त माशी वाटे. ज्वारीच्या कोंबावरची एक बारीक माशी त्याने सदऱ्याच्या खिशातल्या डबीत ठेवली होती. तिच्या मागच्या पायांवर पांढरे केस दिसताच त्याने पंखांच्या शिरा, पोटावरचे ठिपके टिपले, नव्या जातीला स्वतःचे नाव दिले आणि वर्णन पुण्याच्या कीटकतज्ज्ञ साहेबाला धाडले.

संध्याकाळी बायको, शिवबाई, डबीत डोकावली. “अहो, असले केस तुमच्या मिशीतबी हायत की! गिरणीचा कापूस न्हवं का ह्यो?”

“तुला काय कळतंय!” म्हणत त्याने फुंकर मारली. केस उडाले. उरली ती शेतोशेती मिळणारी खोडमाशी.

सगळे साहेब मूर्ख, असे तो जन्मभर म्हणत आला होता. आता तेच खरे ठरावे म्हणून त्याने सिद्धेश्वराला हात जोडले.