सरळ रेघ

खांडबारा स्टेशनसमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारे ते गृहस्थ मान वर करत नाहीत. मी रोजचा पेपर घ्यायला गेलो की विचारतात, "कसं शे, भाऊ?" मी म्हणतो, "मजामां." मग ते वहीत कुठेतरी एक ठिपका देतात.

शेअर घेण्याआधी ते कंपनीचा दर तिमाहीचा निव्वळ नफा चौकटीच्या वहीत ठिपक्यांनी मांडतात, ठिपके जोडतात आणि डोळे मिटून त्या रेघेवर बोट फिरवतात.

परवा मी निवृत्तीचे पैसे एका कंपनीत घालणार होतो. तिचा नफा दर तिमाहीला सारखाच वाढलेला. त्यांचं बोट थांबलं.

"जित्ता धंदानी रेघ खाले-वर व्हस, भाऊ. हाई कोनीतरी बठीसन आखेल शे."

मी बेत सोडला. तेव्हा त्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं. त्यावर कंपनीचं नाव नव्हतं. खालीवर जाणारी रेघ एका तारखेपासून एकदम सपाट झाली होती. बायकोचं तेरावं झाल्यावर त्याच दिवशी मी पुन्हा पेपर घ्यायला आलो होतो. तेव्हापासून माझं उत्तर रोज एकच होतं.

त्यांनी पेन्सिल उचलली आणि पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"कसं शे, भाऊ?"