वेल कोणी कापली ते लिहा

सुजाताचा फोन आला तेव्हा मी बोरिवलीच्या मार्केटात कोळणीशी पापलेटवरून घासाघीस करत होते. "मावशी, आई गेली. आत्ता, साडेनऊला. तू ये... पण रडत येऊ नकोस, तिनं सांगून ठेवलंय." मी पापलेट तिथंच ठेवलं आणि चारकोपची रिक्षा पकडली. रिक्षात रडून घेतलं. तिच्या दारात उतरले तेव्हा डोळे कोरडे होते. सुमननं सांगितलेलं मोडायची हिंमत तिच्या हयातीतही कुणाची झाली नव्हती, मेल्यावर कशी होणार?

सुमन आणि मी एकाच शाळेत शिकवलं. ती विज्ञान, मी मराठी. ती जालन्याकडची, बोलायला रोखठोक. निवृत्त झाल्यावर सेक्टरमधल्या बैठ्या घरात तिचा जीव रमेना. त्या वर्षी मी कूर्गला जाऊन आले आणि पॅशनफ्रूटची दोन फळं तिच्यासाठी आणली. पिवळ्या सालीची, आंबट, आत काळ्या बियांचा नुसता सडा. मी बियांसकट खाल्लं. तिनं मात्र एकेक बी वाटीत काढून ठेवली. कृष्णकमळाचंच हे भावंड, फूलही तसंच, एवढं मला माहीत होतं. म्हटलं, "अगं, कुणाकडून तरी कलम आण ना. लवकर फुलेल." ती म्हणाली, "कलम म्हणजे तीच वेल पुन्हा. बीमधून कोण येईल ते कुणालाच माहीत नसतं. मला नवं कुणीतरी हवंय घरात." तिचे यजमान जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

बियांवरचा गर तिनं फडक्यात चोळून काढला, बिया पॉलिश पेपरवर अगदी हलक्या हातानं घासल्या, दिवसभर पाण्यात भिजवल्या आणि दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती-वाळू भरून पेरल्या. तीन आठवडे काही नाही. मी हसायचे. ती म्हणायची, "शेवटच्या बाकावरची पोरं आठव. ती कधी पहिल्या आठवड्यात उगवली होती का?" महिन्यानं दोन रोपं वर आली. एक गोगलगायींनी खाल्लं, दुसरं तिनं घरामागच्या पाच फुटी पट्टीत, भिंतीलगत लावलं. औद्योगिक वसाहतीतल्या भंगारवाल्याकडून लोखंडी पाइप आणले, त्यांवर तारांचा मांडव घातला, मांडवापासून मातीपर्यंत सुतळी सोडली. एकच शेंडा वर जाऊ द्यायचा, बाजूचे फुटवे खुडायचे, वर तारेवर पोचला की मग त्याला मोकळा सोडायचा. देठ बांधायला जुन्या सुती साडीच्या पट्ट्या, त्याही सैल. मी एकदा गाठ आवळली तर ओरडली, "आधार देतेयस की फास?"

दुसऱ्या वर्षी वेल फुलली. दुपारी बारानंतर फुलं उमलायची, पांढऱ्या पाकळ्यांवर जांभळी झालर. एकाच फुलात शंभर कौरव, पाच पांडव आणि वर ब्रह्मा-विष्णू-महेश असल्याचं गल्लीतल्या बायका सांगायच्या. सुमन म्हणायची, "मला पाच पुंकेसर दिसतात, बुवा." फळ मात्र एकही धरलं नाही. या जातीच्या वेलीला स्वतःचे परागकण चालत नाहीत, दुसऱ्या बीची, वेगळी वेल शेजारी लागते, असं तिनं शोधून काढलं.

फुलं न्यायला आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींची आई यायची, संध्याकाळच्या पूजेला. आम्ही सगळे तिला काकू म्हणायचो. काकू मागच्या फाटकातून यायची, परडी भरायची, जायची. सुमन रोज म्हणायची, "काकू, चहा टाकलाय." काकूचा रोज काहीतरी उपास, नाहीतर चहा नुकताच घेतलेला. वर्षभर हे चाललं. एका संध्याकाळी मी तिथंच होते. सुमननं कप पुढे केला आणि सरळ विचारलं, "काकू, माझ्या घरची फुलं तुमच्या देवाला चालतात. माझ्या घरचा चहा तुम्हाला का चालत नाही?" काकूचा चेहरा लाल झाला. "भलतंच काय गं बोलतेस," एवढं पुटपुटून ती परडी घेऊन निघाली. समोरच्या कपाटावरच्या बुद्धाकडे तिनं नजर टाकली ती मी पाहिली, सुमननंही पाहिली. मी म्हटलं, "जाऊ दे ना यार." ती म्हणाली, "पन्नास वर्षं जाऊच दिलंय, अलके. आता नाही."

पुढच्याच आठवड्यात सोसायटीची नोटीस आली... वेलीमुळे सामाईक भिंतीला धोका आहे, आठ दिवसांत काढावी. आणि त्याच महिन्यात सुमनच्या पोटातल्या गाठीचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी वर्ष धरून चालू नका, असं सांगितलं. नोटिशीवर तिनं लाल पेनानं लिहिलं, 'भिंतीला तडा दाखवा, मग बोलू', आणि ती केमोला ॲडमिट झाली. तिसऱ्या दिवशी आम्ही तिला घरी आणलं तर वेल बुंध्यातून कापलेली. वर मांडवावर पानं अजून हिरवी होती, त्यांना कळलंच नव्हतं. सुजाता रडायला लागली. सुमन बुंध्यासमोर खुर्ची घेऊन बसली. मग म्हणाली, "अलका, मार्केटातून फळं आण. दोन वेगवेगळ्या दुकानांतून आण, एकाच पेटीतली नकोत. आणि पॉलिश पेपर."

मला तेव्हा तिचा राग आला होता, हे आज कबूल करते. अंगात त्राण नाही, जेवण पोटात ठरत नाही आणि ही बिया घासत बसलीय. मी बोलूनही गेले, "फळ धरेपर्यंत वर्ष-दीड वर्ष लागेल गं..." तिनं मान वर न करता विचारलं, "मला घाई आहे म्हणून वेलीनं घाई करायची का?"

सोसायटीच्या मीटिंगला ती डोक्याचा रुमाल काढून गेली. केस गेलेलं डोकं, हातात घराचा मंजूर नकाशा. भिंतीआतली पट्टी तिच्या घराच्या हद्दीत होती, लाल रेघेनं दाखवलेली. सेक्रेटरी म्हणाले, "ठीक आहे मॅडम, झालं ते झालं. इतिवृत्तात नोंद करतो, गैरसमजातून वेल कापली गेली." सुमननं माझ्याकडे बोट केलं. "या मराठीच्या बाई आहेत. अलका, 'कापली गेली' यात कर्ता कुठं आहे?"

मी उभी राहिले. म्हटलं, "नाहीये."

"मग वेल कोणी कापली ते लिहा," ती म्हणाली. "मी बसलेय."

पाऊण तास ती बसून राहिली. शेवटी सेक्रेटरींनी स्वतःच्या हातानं लिहिलं, 'मी माळ्याकरवी वेल कापवली. ती जागा मॅडमची आहे.' सुमननं ते दोनदा वाचलं आणि मगच सही केली.

त्या पेरणीतून चार रोपं आली. दोन तिनं ठेवली, मांडवाच्या दोन टोकांना. शिडीवर आता सुजाता चढायची, ही खालून हुकूम सोडायची. डॉक्टरांचं वर्ष मागे पडलं. वेली फुलल्या तेव्हा ती पलंगाला खिळली होती, पण दुपारी तिला खुर्चीसकट उचलून बाहेर न्यावं लागे. एका वेलीचे पराग ती बोटाच्या टोकावर घ्यायची आणि दुसरीच्या फुलांना लावायची. बोट थरथरायचं... दहातली सहा फुलं चुकायची. तरी सात फळं धरली. त्याच दिवसांत काकूनं मोलकरणीबरोबर निरोप धाडला, पूजेला फुलं पाठव. सुमननं उलट निरोप दिला, "पुढच्या दारानं या आणि न्या." काकू आली नाही. फुलं वेलीवरच मिटली. सुमनला त्याचं वाईट वाटलं का? वाटलं असणार. पण तिनं दुसरा निरोप धाडला नाही.

ती गेली तेव्हा फळं हिरवीच होती. लोक मला म्हणतात, बिचारीला एकही चाखायला मिळालं नाही. मला हा 'बिचारी' शब्द तिच्यासाठी ऐकवत नाही. फळ धरलंय हे तिनं बोटांनी चाचपून पाहिलं होतं. घरात बुद्धवंदना झाली तेव्हा सेक्रेटरी दाराशी हात जोडून उभे होते. सुजाता त्यांना म्हणाली, "आत या." ते आले, खाली मान घालून बसले.

ही फळं तोडायची नसतात, पिकली की आपोआप गळतात. मागच्या आठवड्यात मी गेले तर मांडवाखाली पहिलं पडलेलं होतं. सुजातानं ते कापलं, आम्ही दोघींनी चमच्यानं खाल्लं. भयंकर आंबट. डोळ्यांत पाणी आलं, ते आंबटपणानंच, असं आम्ही एकमेकींना सांगितलं. मग तिनं मला आतल्या खोलीत नेलं. शेवटच्या महिन्यांत वेली दिसाव्यात म्हणून सुमनचा पलंग मागच्या खिडकीकडे तोंड करून फिरवला होता. त्यामुळे खोलीत चालायला जागा उरत नाही, कपाटाचं एक दार उघडत नाही. नातेवाईक सांगतात, आता पलंग होता तसा लाव. सुजातानं त्यावर स्वतःची उशी आणून ठेवलीय. "मी इथंच झोपते," ती म्हणाली, "आणि कपाटाचं ते दार मी काढूनच टाकणार आहे."