न ओरडणारं गणित

"चुकल्यावर काय करतंय ते दाखवा, शेठ." दुकानात आल्यावर त्याचं पहिलं वाक्य हेच.

महाडला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मुलांसाठी गणिताचं सॉफ्टवेअर मागणारे आईबाप तुम्हीही पाहिले असतील. त्यांना पाढे कितीपर्यंत आणि कुठल्या परीक्षेचं, एवढंच हवं असतं. हा डोंगरावरच्या कुडपण गावचा गडी मात्र की-बोर्ड पुढे ओढायचा, दोन अधिक दोनपुढे मुद्दाम पाच लिहायचा आणि श्वास रोखून पडद्याकडे बघत राहायचा.

एका प्रोग्राममध्ये भोंगा वाजायचा, दुसऱ्यात लाल फुली यायची, तिसऱ्यात माकड रडायला लागायचं. "नाय चालणार," म्हणत तो उठायचा. त्याच्या भावाने मुंबईहून ऑफिसातला जुना कॉम्प्युटर पाठवलेला, वर डोंगरावर नेटची बोंब. म्हणजे नेटशिवाय चालणारं हवं, मराठी हवं, आणि वर हे नखरे. एकदा मी वैतागून विचारलं, सॉफ्टवेअर शोधताय की जावई?

तो हसला नाही. उजवा हात त्याने टेबलावर ठेवला.

"हा हात हाय ना, चुकलं की आपोआप उठतो. माझ्या बापानं मला असंच शिकवलं. पोरगी तिसरीत हाय, आता आकडा बघून कापते. मशीननं शिकवलं तर बरं."

मग शिकवू नका, असं मी म्हणालो. त्याची बायकोही तेच म्हणत होती. पुन्हा हात उठला तर लेकीला घेऊन डोंबिवलीला माहेरी जाईन, असं तिने बजावलं होतं. पण पोरगी गणितात मागे राहिली तर आपल्यासारखीच डोंगरावर राहील, ही धास्ती त्याला सोडत नव्हती. मला त्याचा राग यायचा आणि कीवही यायची.

एकदा तो लेकीला घेऊन आला. गणित सोपं होतं. उत्तराच्या बटणावर बोट ठेवून तिने आधी बापाकडे पाहिलं. बापाने उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता.

त्या दिवसापासून मीही इरेला पेटलो. गणपतीनंतर एका शिक्षक मित्राकडे हवं तसं सॉफ्टवेअर सापडलं. उत्तर चुकलं की ते गप्प राहतं, मोजायला काड्यांची चित्रं काढतं आणि तेच गणित पुन्हा विचारतं. मी लगेच फोन केला. आता गरज नाय, म्हणाला. मायलेकी गेल्या होत्या. मारलंस का, असं मी सरळच विचारलं.

"नाय ओ शेठ. दिवा लावायला हात वर केला. पोरगी डोकं झाकून खाली बसली. बायकोनं ते बघितलं आणि पिशवी भरली."

वीर स्टेशनवर त्यांना गाडीत बसवायला तोच गेला होता. मी विचारलं, पोरगी काही बोलली का?

"खिडकीत बसली होती. गाडी सुटली तेव्हा टाटा करायचा होता. पण हात नाय उचलला मी. परत घाबरली असती."