न देण्याच्या वस्तू

मागच्या दिवाळीत तुम्ही येऊन गेलात, तेव्हाच्या तुमच्या दोन तक्रारी माझ्याकडे शिल्लक आहेत. पहिली धाकटीची. निघायच्या आदल्या दिवशी स्वयंपाकघरात तिने विचारलं, "आजी, तू इथे एकटी सुखी आहेस का?" आणि मी म्हणाले, "आधी जेवून घे." दुसरी थोरल्याची, त्याच दिवसाची. मी त्याला माझी खोली दिली, पलंग दिला, पंखा दिला. दुसऱ्या उशा कडक लागतात म्हणून त्याने माझी उशी मागितली, ती दिली नाही. टॉवेलची गुंडाळी करून दिली. हे त्याने घरी पोचल्यावर तुमच्या आईला सांगितलं आणि तिने मला फोनवर सांगितलं. दोन्ही तक्रारींचं उत्तर एकच आहे, म्हणून एकदाच लिहून पाठवते.

आमचा जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. मुंबई आमच्यापैकी कोणी पाहिलेली नव्हती. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि विकास गटाच्या कचेरीत सेविका म्हणून लागले होते, सहा महिन्यांच्या तात्पुरत्या नेमणुकीवर. वडिलांनी जाऊ देताना अट घातली होती. नेमणूक कायम झाली तर नोकरी, नाही झाली तर अकोल्याचं स्थळ. अकोल्याचे गृहस्थ चांगले आहेत असं सगळेच म्हणत. त्यांची तेलाची घाणी होती. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध बोलायला माझ्याकडे काही नव्हतं. मला फक्त अकोल्याला जायचं नव्हतं.

सहातले पाच महिने संपले आणि वरून एक फॉर्म आला. तो इंग्रजीत होता, म्हणून साहेबांनी मला बोलावलं. आमचे साहेब नीटनेटके होते. खिशाला हिरवं फाउंटन पेन लावत आणि प्रत्येक सहीनंतर मलमलीच्या चिंधीने त्याचं निब पुसत.

"पुसद तालुक्यातलं एक गाव घ्या," ते म्हणाले. "चाळीस घरं. पंधरा दिवस. हे नीट झालं तर तुम्हाला कायम करण्याची शिफारस मला करता येईल. नाही झालं तर शिफारस करण्यासारखं माझ्याजवळ काही राहत नाही."

फॉर्ममध्ये सहा रकाने सोपे होते. माणसं किती, गुरं किती, पाणी कुठून. सातव्यात असं विचारलं होतं की घरातल्या बायकांना रोजच्या जगण्यात कोणत्या लहानसहान गोष्टींनी आनंद होतो. मी त्याचं भाषांतर केलं, 'स्त्रियांच्या नित्य जीवनातील सुखाची साधने'. हे भाषांतर मला फार आवडलं होतं. रस्त्याने जाताना मी ते दोनदा मनात म्हणून पाहिलं.

एसटी थांबायची तिथून गाव दोन मैल आत होतं. पहिल्याच घरी मी वही उघडून प्रश्न वाचला. घरातली बाई शेणाचे हात तसेच धरून उभी राहिली.

"साधनं? कोनती साधनं भेटनार हाय?"

"भेटणार काही नाहीत. तुमच्याकडे कोणती आहेत ते विचारते आहे."

"आमच्याकडं काहीच नाही, बाई. लिवा. काहीच नाही."

दुपारपर्यंत गावभर झालं की सरकार साधनं वाटून राह्यलं, आणि ज्याच्याकडे काही नाही त्यालाच ती भेटणार. मला येताना पाहून एकीने ओसरीवरचा कंदील उचलून आत नेला. संध्याकाळपर्यंत सतरा घरं झाली. सातव्या रकान्यात सतरा वेळा 'काही नाही'.

दुसऱ्या दिवशी मी साधनं काढून टाकली आणि नुसतं सुख ठेवलं. एका अंगणात दोन जावा जात्यावर बसून कशावरून तरी खिदळत होत्या. मी विचारलं, "तुम्ही सुखी आहात का?" दोघींचं हसणं थांबलं. थोरली म्हणाली, "कायचं सुख, बाई," आणि अंगणात खेळणाऱ्या मुलीला हाक मारून आत घेतलं. पुढच्या घरी तसंच झालं, त्याच्या पुढच्या घरी तसंच. तिसऱ्या दिवशी पारावरच्या एका म्हाताऱ्याने मला थांबवून विचारलं, "सुखदुःख इचारून राह्यल्या म्हनते. कोन गेलं?"

मी उतरले होते सुईणीकडे. पन्नाशीची विधवा बाई. निम्म्या गावाला तिने जन्माला आणलं होतं आणि त्यामुळे निम्म्या गावाला ती हक्काने रागावत असे. मी तिला मावशी म्हणायचे. तिने मला स्वतःची बाज दिली होती, पांघरायला गोधडी दिली होती, अंघोळीला पाणी तापवून देत होती. मी नको म्हटलं तरी ऐकत नव्हती.

त्या तिसऱ्या दिवशी दुपारी मी डोकं धरून परत आले. बारा दिवस उरले होते आणि वहीत काही नव्हतं. मी बाजेवर पडले.

"मावशी, जरा उशी द्या."

"उशी नाही भेटत."

मला वाटलं तिला नीट ऐकू आलं नाही. उशी कोपऱ्यात घडीच्या लुगड्यावर ठेवलेली दिसत होती.

"ती काय आहे की."

"थे माही हाय."

"थोडा वेळ हवी होती. डोकं दुखतं आहे."

"बाज घेतली, गोधडी घेतली, मी काही म्हनलं का? चूल घ्या, भांडे घ्या. म्हनसान तं मी वसरीत निजीन. उशी नाही."

मी टॉवेलची गुंडाळी केली आणि तिच्यावर डोकं ठेवलं. राग आला होता. मग थोड्या वेळाने, केवळ रागाने, विचारलं, "एवढं काय आहे त्या उशीत?"

ती तांदूळ निवडत होती. सूप घेऊन जवळ सरकली.

"सावरीची हाय," ती म्हणाली. "गावात कापसाच्या उशा घरोघर. कापूस तं पायाखाली भेटते. पन कापसाची उशी बसते, तिच्यात गोटे होते. सावरी बसत नाही. नाल्यावर एकच झाड हाय सावरीचं. चैतात बोंडं उकलाच्या आंधी तोडा लागते, नाही तं समदी हवेत उडून जाते. मंग बिया काढा. चार दुपारी जाते त्याच्यात. पंखा नाही, वारा नाही, दार लावून. तोंडाले फडकं बांधून."

"आणि मग?"

"मंग काय. बायतीन सोडवून घरी आली, आंग धुतलं, कोरा च्या घेतला, अन् डोकं ठेवलं का कानापाशी असं गार लागते—" इथे ती थांबली. सुपातला एक खडा काढून तिने बाहेर टाकला. "कोनी बोलवाले आलं का उठाच लागते."

"मग हेच तर मी विचारत होते. हे तुमचं सुख झालं."

"सुखबिख काही नाही," ती चिडून म्हणाली. "घरात तीन दिवसांपासून सुख सुख करून राह्यल्या. आपल्या तोंडानं कोन म्हनंन का मी सुखी हाय? नजर लागते. उशी हाय म्हनलं. देत नाही म्हनलं. त्याच्यात काय नजर लागाची हाय?"

मी उठून बसले. डोकं दुखायचं थांबलं नव्हतं.

त्या गावात सगळं मागून नेत. विस्तव, विरजण, सूप, खलबत्ता, लग्नाकार्यात अंगावरचा दागिनासुद्धा. त्यामुळे काय द्यायचं नाही, याचा विचार प्रत्येकीने आधीच करून ठेवलेला होता. चौथ्या दिवशी मी पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात केली आणि विचारलं, "शेजारीण मागायला आली तर कोणती वस्तू देणार नाही?" शेणाचे हात असलेल्या बाईला एक क्षणही लागला नाही.

"सरोता," ती म्हणाली. आत जाऊन सुपारी कातरायचा तो सरोता घेऊन आली आणि माझ्यासमोर एक सुपारी इतकी बारीक कातरली की फुंकरीने उडाली असती. "मानसं वावरात गेली का मी हे कातरत बसते. अर्धा घंटा. खाते थोडीशीच."

शिंप्याच्या बायकोने कतरनीचा डबा उघडून दाखवला. नवऱ्याच्या मशिनीखाली पडलेले कापडाचे तुकडे, रंगवार लावलेले. मी एक निळा तुकडा उचलला तर तिने तो माझ्या हातातून काढून परत जागेवर ठेवला. "सगी बहन को नई देती मैं," ती म्हणाली. "दोपहर को निकालती हूँ, देखती हूँ, रख देती हूँ." त्यांचं काय शिवणार, असं मी विचारलं. शिवलं तर संपतील, असं ती म्हणाली.

जात्यावरच्या जावांपैकी धाकटीने सांगितलं, नवरा देणार नाही. आतून थोरली म्हणाली, "मागते कोन?" आणि दोघी पुन्हा खिदळायला लागल्या. मी 'नवरा' लिहिलं.

गावाच्या दुसऱ्या टोकाच्या वस्तीने दोन वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता. तिथे मी गेले तेव्हा संध्याकाळ होत आली होती. एक बाई दिवसभर कापूस वेचून आली होती, वेचणीसाठी कमरेला बांधलेल्या ओट्यात अजून पाला अडकला होता. ती दारात लाकडी खुर्चीवर बसली होती. हातांची खुर्ची, एका पायाखाली खापरीचा तुकडा. मी प्रश्न विचारला तेव्हा ती उठली नाही.

"खुर्ची," ती म्हणाली. "खुर्ची कोनालेच देत नाही. पाहुना आला तं बाजीवर बसते. पाटील आले तं थे बी बाजीवर बसतीन."

"पाटील आले होते?"

"नाही आले. आले तं."

"रोज बसता?"

"रोज. दिवा लावाच्या आंधी."

"बसून काय करता?"

तिने माझ्याकडे पाहिलं. "बसते," ती म्हणाली. मग मी उभीच आहे हे तिच्या लक्षात आलं. ती आत गेली आणि माझ्यासाठी बाज बाहेर काढली. मी बाजेवर, ती खुर्चीवर, अशा दिवा लावायची वेळ होईपर्यंत आम्ही दोघी बसलो. वहीत मी फक्त 'खुर्ची' लिहिलं. रकाना लहान होता.

चाळीसपैकी अडतीस घरं झाली. दोन घरांना कुलूप होतं.

साहेबांनी कागद शेवटपर्यंत वाचले. मी टेबलासमोर उभी होते.

"सातव्या रकान्यात सुखाची साधनं विचारली आहेत," ते म्हणाले. "तुम्ही लिहिलं आहे, 'शेजाऱ्यांना न देण्याच्या वस्तू'."

"होय साहेब."

"असा प्रश्न फॉर्ममध्ये नाही."

"नाही साहेब."

"मग मी वर काय कळवू? या भागातल्या बायका सरोता देत नाहीत? एक बाई नवरा देत नाही?" त्यांनी कागद सरळ करून ठेवले. "काम अपुरं आहे. मला तसंच लिहावं लागेल."

माझ्यासमोर अकोला उभं राहिलं. तेलाच्या वासासकट.

"मथळा मी आत्ता दुरुस्त करून देते," मी म्हणाले. "माझ्या पेनमधली शाई संपली आहे. क्षणभर आपलं पेन देता का?"

तुम्हाला वाटेल ही माझी युक्ती होती. नव्हती. शाई खरोखर संपली होती.

साहेबांचा हात खिशावर गेला. "तिथे टाक आहे," ते म्हणाले. "दौत आहे."

"टाकाचं निब फुटलं आहे, साहेब."

"शिपायाला सांगतो. दुसरं आणेल."

"दोनच शब्द लिहायचे आहेत."

"हे पेन मी कोणाला देत नाही," साहेब म्हणाले. "दुसऱ्याच्या हातात गेलं की निबाचं वळण बिघडतं. मग ते कागदावरून असं—" त्यांनी हवेत हाताने एक ओळ ओढली आणि तिथेच थांबले.

त्यांनी टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. मी फुटक्या निबाकडे पाहत राहिले. शिपाई नवीन निब घेऊन येईपर्यंत आम्ही दोघांनीही दुसरं काही पाहिलं नाही. मग मी टाकाने जुना मथळा खोडून 'सुखाची साधने' लिहिलं. खालची अडतीस उत्तरं तशीच ठेवली. साहेबांनी हिरवं पेन काढलं, सही केली, निब पुसलं. शिफारशीत त्यांनी लिहिलं, 'काम समाधानकारक. पद्धत स्वतःची.'

दीड महिन्याने कायम झाल्याचा हुकूम आला. अकोल्याच्या गृहस्थांनी वर्ध्याची मुलगी केली. तुमचे आजोबा उमरखेडचे, ते त्यानंतर चार वर्षांनी भेटले.

माझी बदली यवतमाळला झाली तेव्हा मी सुईणमावशीला भेटायला गेले. तिने उशी दिली नाही. एका पिशवीत भरून सावरी दिली, एका उशीला पुरेल एवढी. घरी येऊन पाहिलं तर बिया तशाच होत्या. मला त्या काढायला सहा दुपारी लागल्या. ती चारात काढत असे.

थोरल्या, तीच ती उशी. खोळ कितीदा बदलली, मधूनमधून नवी सावरी घातली. तुझ्यासाठी या चैत्रात एक पिशवी बोंडं मागवली आहेत. बिया काढलेल्या नाहीत. त्या तू आलास की काढ, तोंडाला रुमाल बांधून, पंखा बंद करून.

धाकटे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी त्याच दिवशी दादाला दिलं होतं. तू तेव्हा जेवत होतीस.