चाकावरच्या खुणा

दिल्लीत, सरोजिनी नगरच्या आमच्या सरकारी क्वार्टर्समध्ये माझ्या नोकरीबद्दल लोकांना एवढंच ठाऊक होतं की ही बाई लोखंड बघते. कुठे पूल खचला, बॉयलर फुटला, की तुटलेला तुकडा आमच्या प्रयोगशाळेत यायचा आणि तो का तुटला हे मी सांगायचे. शेजारणी मला फुटलेले कुकर आणून दाखवत. कुकर का फुटला हेही मी खरंखरं सांगायचे, आणि ते ऐकून बहुतेक वेळा शेजारीणच रागवायची.

त्या वर्षी सरहद्दीवर तणाव होता. संध्याकाळी जो तो ट्रान्झिस्टरला कान लावून बसलेला. अशातच एका पहाटे पश्चिम किनाऱ्याजवळ आपलं एक जुनं, लहानसं लढाऊ जहाज बुडालं. समुद्र शांत होता, आसपास परकं जहाज नव्हतं. बरेच खलाशी वाचले. इंजिनखोलीत पाळीवर असलेला खलाशी मात्र वर आलाच नाही. तो आमच्या महाराष्ट्र मंडळातल्या एका काकांचा मुलगा होता.

हे काका मूळचे साताऱ्याकडचे, फरीदाबादच्या एका कारखान्यात फोरमन. मंडळाच्या गणपतीत आरती त्यांनीच उचलायची असा रिवाज पडून गेला होता. आवाज असा खणखणीत, की आरतीपुरता लाउडस्पीकर बंद ठेवला तरी चालायचं.

सुरुवातीला सगळ्यांनी शत्रूचं नाव घेतलं. मग वाचलेले खलाशी सांगू लागले की स्फोटाचा आवाज कोणी ऐकलाच नाही. झालं, वारं फिरलं. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचं पाणी जाड नळीतून आत घेतात, आणि त्या नळीवर मोठा व्हॉल्व्ह असतो. नळी फुटली तर तो बंद करायचा, हे पाळीवरच्या माणसाचं काम. वर्तमानपत्रात ‘निष्काळजीपणाची शक्यता’ एवढं छापून आलं आणि लोकांनी उरलेलं स्वतःच भरलं: पहाटेची वेळ, डोळा लागला असणार. उचलली जीभ लावली टाळ्याला. आमच्या मंडळातले शहाणेही मागे नव्हते; काका हॉलमध्ये शिरले की आवाज खाली यायचे आणि चहाचे कप उचलले जायचे. काका काय ते समजले आणि यायचे बंद झाले. त्या वर्षीची आरती कोणीतरी भलत्याच पट्टीत सुरू केली आणि आम्ही ती कशीबशी संपवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पाणबुड्यांनी वर काढलेले जहाजाचे भाग तपासणीसाठी माझ्याच टेबलावर आले. मी आधी आमच्या साहेबांकडे गेले आणि मुलाच्या वडिलांना मी ओळखते हे सांगून टाकलं. ते बंगाली गृहस्थ होते, कमी बोलणारे. “रिश्तेदार हैं?” त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. “तो फिर काम करो,” म्हणाले आणि पुन्हा फाइलमध्ये बुडाले.

पेटी उघडली आणि मी कपाळावर हात मारून घेतला. नळीचा तुटका भाग, व्हॉल्व्ह, त्याचं लोखंडी चाक, सगळं करड्या रंगात चकचकत होतं. सामान घेऊन आलेला नौदलाचा कमांडर अभिमानाने म्हणाला, “दिल्ली भेजना था मॅडम, ऐसे ही कैसे भेज देते?” समुद्रातून निघालेली गंजकी वस्तू मोठ्या साहेबांपुढे जायची म्हणून गोदीतल्या लोकांनी ती वरवर धुऊन, रंग देऊन, नवरीसारखी नटवून पाठवली होती. पुराव्यावरच रंग फासला होता. मी त्या कमांडरला जे ऐकवलं ते हिंदीत ऐकवलं. मराठीत ऐकवलं असतं तर त्याला अधिक लागलं असतं.

पण रंग एकावर एक बसतो, आणि कोणता थर वर, कोणता खाली, यात फसवाफसवी चालत नाही. मी कापसाचे बोळे द्रावणात भिजवून एकेक थर उतरवत बसले. नळीला तडा गेला होता तो जहाजाची भिंत आणि व्हॉल्व्ह यांच्या मधल्या भागात. तड्याच्या एका टोकाला नव्या करड्या रंगाखाली जुना रंग निघाला आणि त्याच्याही खाली, तड्याच्या आत मुरलेला, रंगाआधी लावतात तो शेंदरी प्रायमर. म्हणजे जहाजाची शेवटची दुरुस्ती झाली तेव्हा हा तडा तिथे होताच. तो न बघता कोणीतरी वरून रंग मारून मोकळं झालं होतं. त्या पहाटे तो वाढला आणि नळी उघडी पडली.

व्हॉल्व्ह बंद होता, अगदी घट्ट. चौकशी समितीतले एक गृहस्थ म्हणाले, तो रंगवताना कोणी फिरवला असेल. शंका रास्त होती, म्हणून मी चाकावरचाही रंग उतरवला. चाक एका बाजूला वाकलेलं होतं आणि आतल्या कडेवर खोल खुणा होत्या. चाकात पहार अडकवून जोर लावला की उठतात तशा. त्या खुणांमध्ये जुना रंग अजिबात नव्हता, पण नव्या रंगाखाली समुद्राचा गंज होता. म्हणजे त्या शेवटच्या दुरुस्तीतल्या रंगकामानंतरच्या, आणि जहाज पाण्याखाली जाण्याआधीच्या.

मग मला उलगडा झाला. त्या मुलाने हाताने व्हॉल्व्ह बंद केला होता. तरी पाणी येतच होतं, म्हणून त्याने पहार घातली आणि चाक वाकेपर्यंत आवळत राहिला. पाणी व्हॉल्व्हच्या पलीकडून, तड्यातून येत होतं. त्याने काहीही केलं असतं तरी ते थांबणार नव्हतं. मी कमांडरला भिंग दिलं. त्याने पाहिलं, परत पाहिलं, आणि भिंग खाली ठेवताना माझ्याकडे बघायचं टाळलं.

अडचण पुढे होती. शत्रूवर ठपका ठेवणं सोयीचं, मेलेल्याच्या माथी खापर फोडणं त्याहून सोयीचं, पण जुना तडा म्हटलं की दुरुस्ती कोणी केली आणि तपासली कोणी हे विचारावं लागतं, आणि ती माणसं जिवंत होती. एका वरिष्ठांनी मला चहा पाजून सुचवलं की ‘निश्चित कारण सांगता येत नाही’ एवढं लिहिलं तर सगळ्यांचंच भलं होईल. घरी मी नुसतं म्हणाले की वरिष्ठांशी भांडण होणार आहे. नवरा म्हणाला, “सांभाळून हं, पानिपत इथून फार लांब नाही.” मी त्याला भाजी वाढली आणि दुसऱ्या दिवशी जे दिसलं होतं तेच लिहिलं: शत्रू नाही, हलगर्जी खलाशी नाही, जुना तडा. समितीपुढे मला उलटसुलट विचारलं. माझा आवाज एकदाही चढला नाही, हे माझ्या ओळखीच्यांना खरं वाटत नाही. आमचे बंगाली साहेब शेजारी बसून होते आणि शेवटी एवढंच म्हणाले की आमच्या प्रयोगशाळेचं मत हेच आहे. समितीने ते मानलं. आयुष्यात मी पुष्कळ लोखंड पाहिलं, पण त्या कामाचा मला गर्व आहे, आणि तो लपवायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

अहवाल गोपनीय म्हणून कपाटात गेला. मी कोणापाशी चकार शब्द काढला नाही.

पुढच्या गणपतीला मी हॉलमध्ये दूर्वा निवडत बसले होते. काका आले. वाळले होते, पण कपडे कडक इस्त्रीचे. माझ्याजवळ सतरंजीवर बसले आणि सांगू लागले की नौदलाचे एक अधिकारी फरीदाबादला घरी येऊन गेले. मुलाची काही चूक नव्हती, त्याने शेवटपर्यंत प्रयत्न केला, चाकसुद्धा वाकलं होतं, असं म्हणाले. काकांनी माझ्यापुढची एक दूर्वा उचलली.

“ताई, तुम्ही लोखंड बघता, म्हणून विचारतो. एका माणसाच्या जोराने असं चाक वाकतं का? का माझं समाधान करायला म्हणाले ते?”

त्या जहाजाबद्दल मला एक अक्षर बोलायची परवानगी नव्हती. लोखंडाबद्दल होती.

“पहार घालून सगळं अंग टाकलं तर वाकतं, काका.”

“अर्धवट झोपेत?”

“नाही. बिल्कुल नाही. पूर्ण जागा असेल, आणि जागा सोडून जायचं नाही असं ठरवलं असेल, तरच वाकतं.”

त्यांना काही कळलं का, मी आजही सांगू शकत नाही. “जागा होता तर,” असं ते हळूच म्हणाले, माझ्याशी नव्हे. मग गुडघ्यावर हात ठेवून उठले, मूर्तीसमोर गेले आणि कोणी सांगायची वाट न बघता त्यांनी आरती सुरू केली. मंडळातले शहाणे घाईघाईने टाळ शोधू लागले. काकांनी पट्टी नेहमीपेक्षा वरची धरली होती, आणि ती गाठताना माझा आवाज दोनदा फाटला.