नबवीया दाईच्या सात मेणबत्त्या

चाळीस वर्षांत गावातली निम्मी पोरं नबवीया दाईच्या हातावर जन्मली आणि त्यांची नावंही तिच्याच परातीत ठरली. सातव्या दिवशी परातीत सात मेणबत्त्या लावायच्या, प्रत्येकीला एक नाव द्यायचं. शेवटपर्यंत जळेल तिचं नाव बाळाचं. लोक याला नशिबाची निवड म्हणत. पण नको असलेल्या नावाची मेणबत्ती नबवीया हळूच दाराकडे सरकवायची, उरलेलं काम वारा करायचा.

आज बाळाचा आजोबा हाज खल्लाफ याने वारा नको म्हणून दार लावून घेतलं होतं. काठी मांडीवर घेऊन तो परातीसमोरच बसला होता. त्याला वाटे, नाव म्हणजे शेताचा बांध, पिढ्यान्‌पिढ्या जागचा हलता कामा नये. आधीच्या दोन्ही नातवांना त्याने आपलंच नाव दिलं होतं. एक चाळिसाव्या दिवशी गेला, दुसरा दात येताना.

सकाळीच त्याची सून सनीया हिने दाईचा हात गच्च धरला होता.

"मावशी, तिसरा खल्लाफ नको गं. शह्हात ठेव, म्हणजे भिकारीच. भिकाऱ्याकडे मरण ढुंकूनही बघत नाही."

पाच मेणबत्त्या विझल्या. बायका परातीभोवती पुढे सरकल्या. आता दोनच उरल्या. खल्लाफची ताठ जळत होती, शह्हातची वात मेणात बुडत चालली होती. सनीया दाईकडे बघत होती. आता काही केलं, तर नबवीयाने कमावलेला चाळीस वर्षांचा विश्वास मातीत जाणार होता. नाही केलं, तर या पोरीला जन्मभर तोंड दाखवता येणार नव्हतं.

ती वाकली आणि सगळ्यांदेखत तिने खल्लाफची मेणबत्ती फुंकली.

"फुंकलीस तू!" हाज गरजला.

"फुंकली."

"आजवर असंच करत आलीस?"

"आजवर वाऱ्याकडून करून घेत होते. आज तुम्ही दार लावलंत."

"अगं बाई, मग आमच्या पोराचं, मतरचं काय?" मागून एकीने घाबरून विचारलं.

"तो झाला तेव्हा पाऊस खराच पडत होता. मतर म्हणजे पाऊसच. गप बस आता."

कोणी हसलं नाही. हाज काठी टेकत उठला. सनीयाने बाळ छातीशी आवळलं. नबवीया मध्ये जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो," तो म्हणाला. "दोघांनाही याच हातांनी पुरलंय मी."

त्याच्या आवाजात आता राग नव्हता. ती बाजूला झाली. हाजने काठी खाली ठेवली, गुडघे टेकले आणि ज्याच्या दारावरून भिकारीसुद्धा भीतभीतच जात, तो माणूस बाळाच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाला,

"शह्हात. ऐकलंस ना? जग रे, भिकाऱ्या."