हाराचे खिळे

साहेबानं माह्या चित्राले दोन बोटायनं धरलं. उलटं केलं, मांगं लिहिलेलं माहं नाव-आडनाव वाचलं, अन् ठेवून देलं खाली. कुठी? तं दारामांगं, झाडू-बालटीच्या बाजूले.

"फ्रेम कुठाय याला?" तो म्हणाला. "तुझ्या चित्राला तर काच हवीच. लोकांचे हात लागतात, मग कुरकुर कोण ऐकणार?"

हात कोणाचे लागतात अन् कुरकुर कोण करते, हे मले सांगा लागत नव्हतं. आडनाव वाचल्यावरच त्याले काच आठवली होती.

साहेब नागपूरकडचाच, मराठी बोलणारा. भिलाईत कारखाना उभा होऊन राहिला होता, चहूकडं लोखंड अन् लाल धूळ. मी पेंट सेक्शनमंदी, क्रेनवर नंबर अन् दारावर 'खतरा' लिहाचो. माय रेजा होती, बांधकामावर घमेले वाहाची. हा ऑफिसर लोकायचा हॉलही तिच्यासारख्या बायायनं घमेले वाहूनच उभा केला. रूसहून ज्या पेट्यायत मशिना येत, त्यातली एक फळी मले भेटली. तिच्यावर मी मायले काढलं. डोक्यावर घमेलं, नजर समोर. त्या हॉलात चित्रायचं प्रदर्शन लागणार होतं, अन् ते साहेबाच्याच हाती होतं. माय म्हणे, मी बांधलेल्या भिताडावर मले एकडाव टांग. तेवढ्यासाठी मी साहेबासमोर उभा होतो. नाई तं कोण जाते तिथी झक माराले.

साहेब म्हणे, फ्रेम कलाकारानं आपल्या खर्चानं कराची, नियम हाय. आता गंमत पाहा. बाईसाहेब लोकायच्या चित्रायच्या फ्रेमा आमच्याच सुतारखान्यात झाल्या होत्या. ड्युटीच्या टायमात, कारखान्याच्या लाकडात. पॉलिश तं मीच मारलं होतं. मी म्हटलं, मंग माही बी तिथीच होऊ द्या. साहेब म्हणे, ते ऑफिसचं काम होतं.

वा रे ऑफिस.

गेलो दुर्गच्या बाजारात. थंडीच्या कांबळ्यासाठी ठेवलेले पैसे फ्रेमवाल्याले देले. त्याच्या दुकानात एक तं देव नाई तं मेलेले लोकं, तिसरं कोणी काचेत जातच नव्हतं. त्यानं काई विचारलं नाई, मी काई सांगतलं नाई. फ्रेम हाती आली तवा वरच्या पट्टीवर दोन बारके खिळे होते, हार अटकवाचे. काचेवर चंदनाचा टिळाही लावला होता बिचाऱ्यानं, चांगल्या मनानं.

मायनं पाह्यलं अन् तिचं तोंड उतरलं.

"मी मेली का रे?"

मी टिळा पुसला. खिळे काई निघाले नाई, पार आत ठोकले होते. मी म्हटलं, जाऊ दे माय, खिळ्याकडं कोण पाहाते. माय म्हणे, जित्या माणसाले काचेत टाकाचं नसते. मंग तिनंच पदरानं काच पुसून देली, कावून का तिले ते भिताड पाहिजे होतं.

साहेबानं फ्रेम पाह्यली, खूश झाला, चित्र टांगलं. प्रदर्शनाच्या दिवशी मायले घेऊन गेलो. धुतलेलं लुगडं, केसायले तेल. आत पाहातो तं चित्रावर झेंडूचा हार. खिळे दिसले, कोणीतरी हार घालून देला. साहेबाची बायको पाहुण्यायले हळू आवाजात सांगून राहिली होती, ही गरीब बाई इथंच काम करता करता गेली. पाहुणे माना खाली घालून उभे. माय त्यायच्या मांगं.

"मी जित्ती हाय," माय म्हणाली.

सगळे वळले. साहेब लगबगीनं आला. मायकडं त्यानं पाह्यलंही नाई, मलेच म्हणाला, "हार राहू दे. मोठे साहेब येताहेत, बरा दिसतो. तोवर हिला बाहेर बसव."

मेलेली माय त्यायले आत चालत होती. जित्ती बाहेर.

माह्या डोक्यात जाळ झाला. चित्र उतरवलं, हार काढून टेबलावर ठेवला. पेचकस खिशात रायतच होता. तिथीच, सगळ्यायसमोर, खाली बसून मांगचे बारके खिळे उचकले अन् फळी बाहेर काढली. काच अन् फ्रेम साहेबाच्या हातात देली.

"हे तुमचं, साहेब. माय मी नेतो."

त्यानं नोकरीची धमकी देली. मी ती उभ्यानं ऐकून घेतली, मान खाली न घालता. माह्या खानदानात कोणी साहेबाचं असं ऐकलं नसन.

बाहेर फाटकाच्या भिताडाले चित्र टेकवलं. उघडं. शिफ्ट सुटली होती, सायकली थांबत गेल्या. रेजा बाया आल्या. एकीनं चित्रातल्या घमेल्यावर बोट फिरवलं, मंग मायच्या गालावर. काई बिघडलं नाई. माय हसून राहिली होती.

तवापासून एकाही चित्राले मी फ्रेम केली नाई. बोलावणे आजही येतात, संगं तोच नियम येते, फ्रेम कलाकाराच्या खर्चानं. माहं उत्तर ठरलेलं हाय. टांगाचं तुमाले हाय, तं लाकूड तुमचं, मिस्त्री तुमचा, पैसा तुमचा. काच लावू देणार नाई. अन् ज्या दारातून चित्र आत जाईन, त्याच दारातून चित्रातलं माणूसही आत जाईन, अन् चित्राच्या समोर खुर्चीवर बसन. मंजूर नसन तं तुमचं भिताड रिकामं ठेवा.